प्रायमरीच्या डिबेट्स बघून उमेदवार कसा ठरवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मूळच्या सांगलीच्या. बरीच वर्षं न्यू हॅम्पशायरमध्ये आहेत, नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालंय आणि २०२८ ची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं मतदान, ही त्यांची पहिलीच. तयारी म्हणून त्यांनी २०१९-२० च्या डेमोक्रॅटिक आणि २०२३ च्या रिपब्लिकन डिबेट्स यूट्यूबवर बसून बघितल्या. त्या लिहितात, "बघताना प्रत्येकाचंच पटतं आणि दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही. आमच्या मिस्टरांचं म्हणणं, जो डिबेट जिंकेल आणि पुढे निवडून येईलसं वाटेल त्याला मत टाकायचं, एवढा काथ्याकूट कशाला. तर या डिबेट्स बघून नक्की ठरवायचं कसं?"

मी २००१ पासून याच राज्यातल्या नॅशुआत राहते. २००८ च्या प्रायमरीपासून दर खेपेला स्वयंसेवक म्हणून दारोदार फिरले आहे, फोन केले आहेत, आणि डिबेटच्या रात्री आमच्या बेसमेंटमध्ये दहा-बारा शेजारी जमवून ती एकत्र बघण्याचा रिवाज पाळला आहे. काम कोणत्या पक्षाचं करते ते इथे मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते दोन्हीकडे सारखंच लागू पडतं.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत असं मला वाटतं. डिबेट कशी बघावी हा एक, आणि आपलं मत कशासाठी वापरावं हा दुसरा. दुसरा सुटला नाही तर पहिल्याचं उत्तर हाती लागत नाही. भारतात उमेदवार कोण हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. तिकीटवाटप होतं, कोणी नाराज होतो, कोणी बंडखोरी करतो आणि मतदारासमोर तयार यादी येते. प्रायमरी म्हणजे ते तिकीटवाटपच तुमच्या हातात दिलेलं आहे. नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीतल्या मतापेक्षा हे मत वेगळं असतं. तिथे दोन पक्षांतून एक निवडायचा असतो आणि बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. इथे एकाच पक्षातले, साधारण सारख्याच गोष्टी बोलणारे आठ-दहा जण समोर उभे असतात. म्हणूनच "सगळ्यांचंच पटतं". पटणारच, ते एकाच घरातले आहेत. तेव्हा कोणाचं पटतं हे बघून डिबेट उलगडत नाही. कोणाला हे काम झेपेल आणि कोण विचारलेल्याचं उत्तर देतो, तिथे बघावं लागतं.

आता "डिबेट जिंकणं" म्हणजे काय ते बघू. २७ जून २०१९, मायामी. वीस उमेदवार होते म्हणून डिबेट दोन रात्रींत वाटली होती आणि ही दुसरी रात्र. कमला हॅरिस यांनी जो बायडन यांना शाळांमधल्या बसिंगवरून धरलं. वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवायची ती योजना. सत्तरच्या दशकात बायडन यांनी तिला विरोध केला होता. कॅलिफोर्नियातली एक लहान मुलगी रोज त्या बसने शाळेत जायची, असं सांगून हॅरिस म्हणाल्या, "ती लहान मुलगी मीच होते." आमच्या बेसमेंटमध्ये कोणी हूं की चूं करेना. माझ्याही अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच, डिबेट हॅरिसनी जिंकली. त्यांचे आकडे झपाट्याने वर गेले.

पण पुढच्याच आठवड्यात पत्रकारांनी त्यांना साधा प्रश्न विचारला: केंद्र सरकारने आज अशी बससक्ती करावी असं तुमचं मत आहे का? त्याचं उत्तर सरळ येईना. शेवटी जे आलं ते बायडन यांच्या भूमिकेपासून फार लांब नव्हतं. जुलैच्या डिबेटमध्ये दुसऱ्या एक उमेदवार तुलसी गॅबार्ड यांनी हॅरिस यांची सरकारी वकील म्हणून असलेली कारकीर्द काढली, तेव्हाही उत्तर लंगडं पडलं. ३ डिसेंबर २०१९ ला, पहिलं मत पडायच्या आधीच, हॅरिस यांनी माघार घेतली. पैसे संपले होते आणि मोहिमेत आतून कुरबुरीही होत्या, त्यामुळे सगळं खापर डिबेटवर फोडू नका. मला शिकायला मिळालं ते असं की त्या रात्री आम्ही सगळे गोष्टीला दाद देत होतो. "मग तुम्ही काय करणार?" हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

त्यानंतर मी वही घेऊन बसायला लागले. साधी शाळेची रेघांची वही, पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने. पहिल्यात सूत्रसंचालकाने विचारलेला प्रश्न, माझ्या शब्दांत, मराठीत. दुसऱ्यात मिळालेलं उत्तर, एका ओळीत. तिसऱ्यात फक्त खूण: उत्तर दिलं तर टिक, बगल दिली तर फुली, आणि "करणार" असं म्हणताना कसं करणार हेही सांगितलं तर त्या टिकभोवती गोल. मराठीत लिहिण्याला कारण आहे. इंग्रजीत ऐकलेलं मराठीत उतरवायचं तर आधी ते समजावं लागतं. "आपण कष्टकरी कुटुंबांसाठी लढू" हे वाक्य मराठीत लिहायला घ्या, त्यात काहीच नाही हे पेन टेकवताच कळतं. दोन तासांनी पान भरतं आणि तुमच्या त्या "दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही" ची सोय होते. दोन-तीन डिबेट्सची पानं शेजारी ठेवली की कोणाच्या नावापुढे फुल्याच फुल्या आहेत ते लपत नाही. गोल मात्र फार थोडे मिळतात. एका रात्रीत तीन मिळाले तर मी ती डिबेट चांगली समजते.

ही वही आधी असती तर २०१६ मध्ये मला फार उपयोगी पडली असती. ६ फेब्रुवारी २०१६, मँचेस्टरच्या सेंट अँसेल्म कॉलेजातली रिपब्लिकन डिबेट, प्रायमरीला तीन दिवस राहिलेले. सगळ्यात आधी मतदान झालेल्या आयोवा राज्यात तिसरे येऊन मार्को रुबिओ जोरात होते. दुसरे उमेदवार क्रिस ख्रिस्टी यांनी त्यांच्यावर आरोप केला की हे पाठ केलेलं पंचवीस सेकंदांचं भाषण म्हणतात. आणि रुबिओ यांनी त्या आरोपाला उत्तर म्हणून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ओबामांना आपण काय करतोय ते कळत नाही हा भ्रम सोडा, अशा अर्थाचं. मग पुन्हा, थोड्या वेळाने आणखी एकदा. माझ्या शेजारी बसलेले निवृत्त मशिनिस्ट गृहस्थ, आयुष्यभर त्याच पक्षाला मत देणारे, त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "माझ्या सुनेने नातवाला शिकवलेलं पाठांतर." मंगळवारी रुबिओ पाचवे आले. पण हल्ला करणारे ख्रिस्टी? ते सहावे आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीही गाशा गुंडाळला. दुसऱ्या क्रमांकावर आले जॉन केसिक, ज्यांनी राज्यभर शंभराहून जास्त टाऊन हॉल, म्हणजे मतदारांशी प्रश्नोत्तरांच्या सभा, घेतले होते आणि ज्यांच्याबद्दल त्या रात्री आमच्याकडे फारशी चर्चाच झाली नव्हती.

त्या रात्रीचं रुबिओंचं गडबडणं मी महत्त्वाचं मानते, आणि २०११ मध्ये मिशिगनच्या डिबेटमध्ये रिपब्लिकन उमेदवार रिक पेरी यांचं अडखळणं त्यामानाने कमी. पेरी म्हणत होते की तीन केंद्रीय खाती बंद करणार, आणि तिसऱ्याचं नावच आठवेना. लोक वर्षानुवर्षं हसले. मला तिथे माणसाची स्मृती ऐनवेळी दगा देते एवढंच दिसलं. ते तुमचं माझंही होतं. माझ्या वहीतला प्रश्न वेगळा असता: ही खाती बंद करून त्यांची कामं कोण करणार? विसरलेलं ते तिसरं खातं ऊर्जा खातं होतं, अण्वस्त्रांची देखभाल त्याच्याकडे असते. पुढे २०१७ मध्ये पेरी त्याच खात्याचे मंत्री झाले आणि मंजुरीच्या सुनावणीत त्यांनी ती शिफारस केल्याचा खेद वाटतो असं सांगितलं. नाव विसरले हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं, आणि ते खातं काय करतं हे माहीत नव्हतं ही मोठी गोष्ट बाजूलाच राहिली. चूक आणि उणीव यांत फरक करा एवढंच मला म्हणायचं आहे.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण ठोकताळा सगळीकडे चालत नाही. मंचावर दहा जण असतील तर त्या रात्री कोणालाही निवडू नका. २०१९ च्या त्या मायामीच्या डिबेटमध्ये उत्तराला साठ सेकंद, पुरवणीला तीस. उमेदवार अँड्र्यू यांग यांना दोन तासांत जेमतेम तीन मिनिटं बोलायला मिळालं. तीन मिनिटांत चहाही नीट उकळत नाही. हात वर करायला लावणारे प्रश्न तर सोडूनच द्या. त्याच डिबेटमध्ये खासगी आरोग्यविमा बंद करणार का, म्हणून हात वर करायला सांगितले. हॅरिस यांनी हात वर केला आणि सकाळी सांगितलं की प्रश्न आपल्या स्वतःच्या विम्याबद्दल आहे असं वाटलं. सुरुवातीच्या डिबेट्सचा उपयोग नावं खोडायला आणि प्रश्न गोळा करायला. मंचावर पाच-सहा उरले की वही खरी बोलायला लागते.

दुसरं, श्रोत्यांचा आवाज. टाळ्या आणि आरोळ्या आपल्याला नकळत सांगतात की कुठे भारावून जायचं. १५ मार्च २०२० ला कोविडमुळे बायडन आणि बर्नी सँडर्स या उरलेल्या दोघांची डिबेट फीनिक्सहून वॉशिंग्टनच्या स्टुडिओत हलवली आणि श्रोतेच नव्हते. दोघे सहा फूट अंतरावर उभे राहून बोलत होते. आमच्या गटातल्या सगळ्यांचं मत पडलं की इतकं स्पष्ट आजवर ऐकू आलं नव्हतं. तेव्हापासून मी नंतरची चर्चा लागायच्या आत टीव्ही बंद करते आणि कोण जिंकलं हे दोन दिवस वाचत नाही. शंका आली तर दुसऱ्या दिवशी डिबेटची छापील संहिता वाचायची. कागदावर आरोळ्या नसतात.

आमच्या गावचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २३ फेब्रुवारी १९८०, नॅशुआ हायस्कूलचं जिम. रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन आणि जॉर्ज बुश (थोरले) या दोघांचीच डिबेट ठरली होती, खर्च रेगन यांच्या मोहिमेने उचलला होता, आणि रेगन यांनी बाकीच्या चार उमेदवारांनाही मंचावर आणलं. सूत्रसंचालकांनी रेगन यांचा माइक बंद करायला सांगितला, तर रेगन कडाडले, "या माइकचे पैसे मी भरतोय, मिस्टर ग्रीन!" गृहस्थांचं आडनाव ब्रीन होतं. जिम दणाणलं, तीन दिवसांनी रेगन यांना बुश यांच्या दुपटीहून जास्त मतं पडली. चौघे निघून गेल्यावर दोघांची डिबेट रीतसर झाली. तिथे हजर असलेल्या किमान पाच-सहा जुन्या माणसांना मी विचारलंय की मग दोघे काय बोलले. एकालाही आठवत नाही.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा, निवडून येईल त्याला मत. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. २०२० मध्ये बहुतेक डेमोक्रॅटिक मतदारांनी तोच विचार केला आणि त्यांच्या दृष्टीने ते साधलंही. पण निवडून कोण येणार हे डिबेट बघून कळतं का? बायडन त्या वर्षी एकाही डिबेटमध्ये चमकले नव्हते. आयोवात चौथे आले, आमच्याकडे पाचवे. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाने पारडं फिरवलं, ३ मार्चच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होतं त्या दिवशी, चौदापैकी दहा राज्यं त्यांना मिळाली. उलट अब्जाधीश उमेदवार मायकल ब्लूमबर्ग यांनी जाहिरातींवर पन्नास कोटी डॉलरहून जास्त ओतले, आणि अमेरिकन सामोआ तेवढं जिंकलं. २००७ च्या शरद ऋतूत मी दारावर जायचे तेव्हा लोक सज्जनपणे सांगायचे, "मला ओबामा आवडतात हो, पण देश काळ्या माणसाला मत देणार नाही." एकाच गल्लीत चार घरांत हे ऐकलं. चारही जण आपल्या पसंतीचं मत दुसऱ्या कोणाच्या तरी पसंतीच्या अंदाजावर सोडून द्यायला तयार होते. ३ जानेवारी २००८ ला आयोवात, जिथे बहुसंख्य मतदार गोरे आहेत, ओबामा जिंकले. तेव्हापासून मी "निवडून येईल का" हा प्रश्न शेवटचा ठेवते. वहीत दोघे अगदी बरोबरीत आले तरच तो काढायचा. तुमचं मत काय आहे हे तुम्हाला माहीत आहे. पेनसिल्व्हेनियासारख्या अटीतटीच्या राज्यातल्या अनोळखी माणसाचं मत काय असेल हे तुम्हाला आणि मला माहीत नाही.

आपल्या लोकांत आणखी एक वजन तराजूत पडतं, "आपला माणूस". २०१९ मध्ये मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कमला हॅरिस आपल्या होत्या, २०२३ मध्ये विवेक रामस्वामी आणि निकी हेली आपले होते. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत बेळगावचे श्री ठाणेदार उभे राहिले, तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला होता. ते तिसरे आले. पुढे २०२२ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. तो आनंद खरा आहे, तो दाबू नका. पण वहीत त्यासाठी रकाना नाही.

मग डिबेट्स बघायच्या तरी कशाला, असं वाटलं असेल. याचं उत्तर २०२४ ने फार कठोरपणे दिलं. डेमोक्रॅटिक पक्षाने त्या वर्षी प्रायमरीच्या डिबेट्स घेतल्याच नाहीत, पदावर असलेला अध्यक्ष उभा असताना घेत नाहीत म्हणून. ट्रम्प यांनीही रिपब्लिकन प्रायमरीच्या पाचही डिबेट्सना दांडी मारली. २७ जून २०२४ ला अटलांटात बायडन आणि ट्रम्प समोरासमोर आले आणि नव्वद मिनिटांत लाखो लोकांना दिसलं की बायडन यांना हे झेपत नाहीये. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. पण तोवर सगळ्या राज्यांच्या प्रायमरी होऊन गेल्या होत्या. ज्यांनी मत दिलं त्यांना उमेदवार उलटतपासणीत बघायलाच मिळाला नव्हता. त्या रात्री मी एकटीच बघत होते आणि मला राग आला तो पक्षाचा, आणि आपल्यालाही विचारायचं सुचलं नाही याचाही. डिबेट उमेदवार निवडून देत नाही, पण अडचणीचा प्रश्न आल्यावर माणूस कसा उभा राहतो हे दाखवणारी दुसरी जागा आपल्याकडे फारशी नाही. म्हणून जो उमेदवार डिबेटला येतच नाही, त्याच्या नावापुढे मी आधी एक फुली मारून ठेवते. मग तो कोणीही असो.

घाई करू नका, हेही सांगायला हवं. २०२० मध्ये नेवाडात १५ ते १८ फेब्रुवारी असं आगाऊ मतदान झालं आणि १९ तारखेला लास व्हेगासची डिबेट. उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांनी त्या रात्री ब्लूमबर्ग यांना जे प्रश्न केले ते माझ्या वहीतलं सगळ्यात भरलेलं पान आहे. पण नेवाडातल्या साधारण १ लाख ५ हजारांपैकी सुमारे ७५ हजार मतं आधीच पडून गेली होती. आपल्या न्यू हॅम्पशायरमध्ये सरसकट आगाऊ मतदान नाही, तेव्हा तुम्हाला मतदानाच्या आदल्या सोमवारपर्यंत सवड आहे. ती वापरा.

आणि ती सवड न्यू हॅम्पशायरमध्ये जशी वापरता येते तशी इतरत्र क्वचितच. उमेदवार शाळेच्या कॅफेटेरियात, डायनरमध्ये, कोणाच्या तरी दिवाणखान्यात येतात. वहीतल्या फुल्या तिथे घेऊन जा. २०१९ च्या शरदातली गोष्ट. माझ्या मैत्रिणीचा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, तीन वर्षांचा असताना आलेला. आईवडील एच-१बी वर, ग्रीन कार्डच्या रांगेत. एकवीस पूर्ण झाले की मुलाचा आश्रित म्हणून असलेला व्हिसा संपतो. हा प्रश्न तिने एका बड्या उमेदवाराला विचारला. "स्थलांतरितांनी हा देश घडवला" असं उत्तर आलं, टाळ्या झाल्या, माइक पुढे गेला. ती खाली बसली तेव्हा तिच्या हातातली चिठ्ठी घामाने ओली झाली होती. तीन आठवड्यांनी तिने तोच प्रश्न दुसऱ्याला विचारला. तिथे साठेक खुर्च्या होत्या, निम्म्या रिकाम्या. त्याने आधी तिलाच दोन प्रश्न विचारले, एकवीसव्या वर्षी नक्की काय होतं आणि मुलगा आत्ता कुठे शिकतो. मग म्हणाला, यातला मोठा भाग काँग्रेसच्या कायद्याशिवाय होणार नाही, तसं वचन मी देत नाही. अध्यक्षाच्या अखत्यारीत एवढं येतं, तेवढं करीन. मैत्रीण नागरिक नव्हती, तिला मत नव्हतं. मला होतं. पुढच्या डिबेटची अट होती इतके देणगीदार आणि चाचण्यांत इतके टक्के, आणि तो माणूस तिच्यात बसला नाही, मंचावर दिसलाच नाही. बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, मात्र त्याचं नाव होतं, आणि मी तिथेच खूण केली.

आता व्यवहाराचं. आपल्या राज्यात २०२४ च्या नोव्हेंबरपासून नव्या मतदाराला नोंदणीच्या वेळी नागरिकत्वाचा पुरावा दाखवावा लागतो. नॅचरलायझेशन सर्टिफिकेट किंवा अमेरिकन पासपोर्ट, सोबत ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. नोंदणी मतदानाच्या दिवशीही होते, पण कागद घरी राहिला तर धावपळ होईल, तेव्हा आधीच सिटी किंवा टाऊन क्लार्ककडे जाऊन करून टाका आणि नियम बदललेत का तेही तिथेच विचारा. नोंदणी करताना पक्ष लिहायची सक्ती नाही. "अनडिक्लेअर्ड" राहिलात तर प्रायमरीच्या दिवशी दोन्हींपैकी एका पक्षाचं बॅलट मागता येतं. तुम्ही दोन्ही पक्षांच्या डिबेट्स बघितल्यात, म्हणजे कोणतं मागायचं हेही अजून ठरलेलं नसावं. दोन वह्या करा. आणि मिस्टरांना तिसरी द्या, बघताना एकमेकांची पानं बघायची नाहीत.